संकल्पातले 'शके' आणि बर्फातले घोडे

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या प्रतिष्ठापनेच्या पूजेला यजमान म्हणून बसण्याचा मान मला मिळाला. गुरुजी संकल्प सांगत होते आणि मी पळीभर पाणी हातावर घेऊन त्यांच्या मागून म्हणत होतो. नाव, गोत्र, तिथी, संवत्सर आणि शालिवाहन शके. पूजा आटोपून प्रसादाच्या रांगेत उभे असताना आठवीतल्या आमच्या कन्येने विचारले, "बाबा, शालिवाहन राजा होता ते कळलं. पण शके म्हणजे कोण?"

मला सांगता येईना. शाळेत 'शक, हूण, कुशाण' ही परकीय आक्रमकांची यादी एका दमात पाठ केली होती, तेवढीच पुंजी. दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत पी-वेला लागलो आणि इतिहास सुटला तो सुटलाच. पण मुलीने विचारलेल्या प्रश्नाला "नंतर सांगतो" म्हणून किती दिवस ढकलणार? वाचायला सुरुवात केली. निघालो होतो नाशिकच्या लेण्यांकडे, पण भलत्याच लाइनवर सांधा बदलला आणि थेट सैबेरियातल्या बर्फात जाऊन थांबलो. तिथे जे दिसले ते गेले वर्षभर डोक्यातून जात नाही. यंदा सचिवांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटले, हेच लिहावे. मी इतिहासकार नाही. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हंगेरीपासून मंगोलियापर्यंत सुमारे आठ हजार किलोमीटर लांबीचा गवताळ पट्टा पसरला आहे. त्याला स्टेप म्हणतात. पाऊस शेतीला अपुरा, गवताला पुरेसा. त्यामुळे तिथली माणसे मेंढ्या-घोडे घेऊन ऋतूप्रमाणे फिरत राहिली. इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंत या पट्ट्यात ज्या टोळ्या नांदल्या, त्यांना ग्रीकांनी सिथियन म्हटले आणि इराण्यांनी शक. इराणी सम्राट दारयवहु, म्हणजे ग्रीकांचा डरायस, याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या विजयाचे शिल्प कोरून घेतले. त्यात दोरीने बांधलेल्या कैद्यांच्या रांगेत सर्वांत शेवटी उंच टोकदार टोपी घातलेला एक माणूस उभा आहे. तो स्कुंख, शकांचा नायक. हेच 'शक' आपल्या संस्कृत ग्रंथांतही आले.

हे काही एक राष्ट्र नव्हते. कित्येक टोळ्या होत्या. त्यांच्या ज्या बोलींचा माग लागतो त्या बहुतेक इराणी शाखेच्या, म्हणजे लांबून संस्कृतच्याही नात्यातल्या. पण या लोकांनी स्वतःबद्दल एक अक्षर लिहून ठेवले नाही. त्यांच्याबद्दल लिहिले ते शेजाऱ्यांनी आणि शत्रूंनी. इन्स्पेक्शन नोटमध्ये फक्त समोरच्या पार्टीचेच म्हणणे असावे तशी गत.

त्यातल्या त्यात बरा साक्षीदार म्हणजे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. डरायसने इ.स.पू. ५१३च्या सुमारास काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियनांवर स्वारी केली, त्याची हकीकत तो देतो. सिथियन लढायलाच उभे राहिनात. मागे सरकत राहिले, जाताना गवत आणि विहिरी नासवत गेले. वैतागून डरायसने निरोप धाडला की पळता का, लढा नाही तर शरण या. त्यावर त्यांच्या इदान्थिर्सस राजाने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा: आम्ही पळत नाही, आम्ही नेहमीच असे फिरत असतो, आमची गावे नाहीत, बागा नाहीत, की ज्या लुटल्या जातील म्हणून आम्ही धावून यावे, पण आमच्या वाडवडिलांच्या कबरी आहेत. त्या शोधा आणि त्यांना हात लावून बघा, मग कळेल आम्ही लढतो की नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. माझे वडीलही रेल्वेत होते. माझा जन्म रेल्वे क्वार्टरमधला, मुलीचाही रेल्वे क्वार्टरमधला, आणि दोन्ही क्वार्टर आता आमची नाहीत. कुठल्याही फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना आला की मी खानदेशातल्या एका गावाचे नाव लिहितो. तिथले आजोबांचे घर विकून वीस वर्षे झाली. आपल्यापैकी अनेकांचे असेच असेल. ज्याला गाव नाही त्याच्याजवळ काय असते, हा प्रश्न मला त्या राजाइतका कुणी नेमका विचारलेला नाही.

तर त्या कबरी. मृताला खोल खड्ड्यात लाकडी खोलीत ठेवायचे आणि वर माती किंवा दगडांचा ढिगारा रचायचा. त्याला कुर्गान म्हणतात. त्यांना डरायसचा हात लागला नाही, पण चोरांचा लागला. सतराव्या-अठराव्या शतकांत सैबेरियात कुर्गान फोडून सोने काढणे हा धंदाच होऊन बसला होता. सैबेरियाचा गव्हर्नर गागारिन याने १७१६ साली असे शंभराहून अधिक सुवर्णनग झार पीटरला पाठवले. पीटरने ते वितळवले नाहीत, जपून ठेवले, आणि जमिनीत सापडलेल्या अशा जुन्या वस्तू सरकारात जमा कराव्यात असे पुढे फर्मानही काढले. (गागारिनला त्याने १७२१ साली भ्रष्टाचारासाठी फाशी दिली, हे आपले जाता जाता.) सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ते सोने आजही आहे.

या सोन्यात माणसे कमी आणि जनावरे फार. हरीण, बिबट्या, रानडुक्कर, गरुड, आणि चोच, पंख नि सिंहाचे अंग एकत्र आलेला ग्रिफिन. कुबान भागात कोस्त्रोम्स्काया येथे १८९७ साली सापडलेले सोन्याचे हरीण पाहा. लांबी सुमारे ३२ सेंटिमीटर. पाय पोटाखाली दुमडलेले, मान ताणलेली, आणि शिंगे डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर लाटांसारखी वळत गेलेली. ते बसले आहे की उडी घेत आहे यावर पंडितांचे एकमत नाही. मला विचाराल तर दोन्ही. अंगाचे उतार असे सपाट, धारदार पाडले आहेत की चाकूने लाकूड तासावे. जाणकार सांगतात की ही शैली मुळात लाकूड आणि हाड कोरण्यातून आली आणि मग सोन्यात उतरली. आणि जनावर असे दुमडायचे कारण? ते ढालीवर, बकलावर, लगामाच्या बिल्ल्यावर बसवायचे असते. जागा गोल असेल तर बिबट्या वेटोळे घालून बसतो. जागा अरुंद असेल तर प्राण्याचे मागचे धड चक्क उलटे वळवून, पाय आकाशाकडे करून बसवतात. फुकट गेलेली एक इंच जागा दिसणार नाही.

पण सोन्याबाबत एक अडचण आहे. काळ्या समुद्राकडचे पुष्कळसे दागिने ग्रीक सोनारांनी सिथियन गिऱ्हाइकांसाठी घडवले. युक्रेनमध्ये तोल्स्ताया मोगिला या कुर्गानात १९७१ साली बोरिस मोझोलेव्हस्की यांना छातीवर घालायचा एक अलंकार सापडला. वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर, आणि त्यावर सोन्यातच दोन माणसे मेंढीच्या कातड्याचा सदरा तयार करत बसलेली, शेजारी कुणी मेंढीची धार काढतो आहे. इतके घरगुती दृश्य इतक्या श्रीमंत दागिन्यावर मी दुसरे पाहिले नाही. तरी हात ग्रीकांचाच. मग या लोकांनी स्वतःच्या हातांनी काय केले? लाकूड, चामडे, लोकर हे तर जमिनीत कुजून जाते.

एका ठिकाणी ते कुजले नाही. आता मी माझ्या विषयावर येतो, म्हणजे खडीवर.

दक्षिण सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात सुमारे १६०० मीटर उंचीवर पाझिरिक नावाची दरी आहे. तिथे पाच मोठे कुर्गान होते. पहिला १९२९ साली मिखाईल ग्र्याझ्नोव यांनी उघडला, बाकीचे चार १९४७ ते १९४९ या काळात सर्गेई रुदेन्को यांनी. रचना अशी: चारेक मीटर खोल खड्डा, त्यात लार्चच्या ओंडक्यांची एकात एक दुहेरी भिंतींची खोली, वर ओंडक्यांचे थर, मग माती आणि सर्वांत वर सुट्या दगडांचा ढीग. हा ढीग चाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाचा. गंमत म्हणजे त्या दरीत जमीन सगळीकडे बारमाही गोठलेली नसते. पण या ढिगाऱ्यांच्या खाली मात्र बर्फाचे भिंग तयार झाले आणि तेवीसशे वर्षे टिकले. का?

आपल्या ट्रॅकमेनला विचारा. दगडांचा ढीग म्हणजे निम्मी हवा. हिवाळ्यात थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि बसते. उन्हाळ्यात वरची हवा गरम आणि हलकी, ती खाली जात नाही. ऊन वरच्या थरातच अडते. ढीग वर्षभर थंडी आत घेतो आणि उष्णता बाहेर ठेवतो. चीनने गोलमुड ते ल्हासा हा रेल्वेमार्ग २००६ साली सुरू केला. त्याचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर गोठलेल्या जमिनीवरून जातात, आणि जमीन वितळून रूळ खचू नये म्हणून तिथल्या भरावात जागोजाग मोठ्या दगडांचे थर याच तत्त्वावर घातले आहेत. पाझिरिकच्या लोकांनी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या माणसावर दगड रचले, एवढेच.

या बर्फाला चोरांचीही मदत झाली. कुर्गान बांधल्यावर फार काळ न जाता चोरांनी वरून भोक पाडून सोने-चांदी नेले. त्या भोकातून पाणी आत शिरले, गोठले, आणि चोरांनी टाकाऊ म्हणून सोडलेले सगळे बर्फात बंद झाले. खोलीबाहेर उत्तरेच्या बाजूला पुरलेल्या घोड्यांपर्यंत तर ते पोहोचलेच नाहीत.

रुदेन्कोंबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३० साली त्यांना अटक झाली. शिक्षा म्हणून श्वेत समुद्र ते बाल्टिक या कालव्याच्या कामावर, हजारो कैद्यांत, त्यांची रवानगी झाली. तिथे ते पाण्याचे हिशेब करणारे तज्ज्ञ म्हणून राबले. पुरातत्त्वाकडे परतले ते दुसरे महायुद्ध संपताना. ग्र्याझ्नोव यांनाही १९३३मध्ये पकडून हद्दपार केले होते. सुटून आल्यावर हा मनुष्य साठीच्या घरात पुन्हा अल्ताईत जातो, बर्फावर गरम पाणी ओतत, थेंबाथेंबाने वितळवत तेवीसशे वर्षांपूर्वीची लोकर सोडवतो. बर्फावर पहार मारून चालत नाही, कारण बर्फाबरोबर आतले कापडही तुटते.

आणि काय काय निघाले! पहिल्या कुर्गानात दहा घोडे, खोगीर-लगामासकट. प्रत्येकाच्या कानाला वेगवेगळ्या खाचा. त्यावरून ग्र्याझ्नोव यांनी तर्क केला की दहा कुळांनी आपापला एकेक घोडा आहेर म्हणून दिला असावा. एका घोड्याच्या डोक्यावर चामडे आणि नमद्याचा मुखवटा, त्यावर हरणाची मोठी शिंगे. म्हणजे घोड्याला हरणाचा वेश चढवून पाठवला. खोगिरे म्हणजे हरणाचे केस भरलेल्या दोन उशा. रिकीब नाही, ती अजून कित्येक शतके यायची होती. नुसत्या मांड्यांच्या जोरावर हे लोक आयुष्य घोड्यावर काढत.

नमदा म्हणजे विणल्याशिवाय केलेले लोकरीचे कापड. लोकर पिंजायची, थर द्यायचे, गरम पाणी मारायचे, गुंडाळी करून रगडत राहायचे, की तंतू एकमेकांत अडकून जाड पत्रा तयार होतो. आपली घोंगडी मागावर विणतात. याला माग लागत नाही, त्यामुळे तो वाहून न्यावा लागत नाही. पाचव्या कुर्गानात साडेचार मीटर बाय साडेसहा मीटरचा नमद्याचा पडदा मिळाला. त्यावर सिंहासनावर बसलेली, हाती फुलांची फांदी धरलेली स्त्री आणि तिच्यासमोर घोडेस्वार, हेच दृश्य पुन्हा पुन्हा. स्त्री देवी की राणी, ठाऊक नाही. स्वाराचा आखूड झगा मात्र वाऱ्यावर उडतो आहे. त्याच कुर्गानात नमद्याचे हंस मिळाले, हातभरही नाहीत एवढे, आत हरणाचे केस भरलेले, पायांत लाकडी काड्या खोचून उभे केलेले. गाडीच्या छतावर ते लावले असावेत.

ती गाडी तर माझ्या जिव्हाळ्याची. बर्च लाकडाची, चारचाकी, चार घोड्यांची. चाके दीड मीटरच्या आसपास व्यासाची आणि प्रत्येक चाकाला चौतीस आरे. धातूचा खिळा नाही, सांधे लाकडाचे आणि चामड्याच्या वाद्यांचे. सुटी करून पुरली होती, पुन्हा जोडली. पुढची-मागची चाके एकमेकांना जवळजवळ टेकलेली. वळणावर ती गाडी कशी घेत असतील हे मी कागदावर मांडून पाहिले, जमले नाही. बहुधा मिरवणुकीचीच असावी. आपल्याकडचे रथ वळवताना काय होते ते आठवा.

आणि तिथेच घोड्यांजवळ ठेवलेला गालिचा. जगात आजवर सापडलेला गाठी मारून विणलेला सर्वांत जुना अखंड गालिचा हाच. १८३ बाय २०० सेंटिमीटर, चौरस सेंटिमीटरला छत्तीसच्या आसपास गाठी, एकूण बारा लाखांवर. कडेच्या पट्ट्यात अठ्ठावीस घोडेस्वार, काही घोड्यावर, काही उतरून लगाम धरून चाललेले. आतल्या पट्ट्यात चरणारी हरणे. तो कुठे विणला, इराणकडे, मध्य आशियात की आणखी कुठे, हा वाद अजून मिटलेला नाही. रंग आजही उजळ आहेत. २०२१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की रंगवण्याआधी लोकर आंबवलेली होती, म्हणून रंग तंतूच्या आतपर्यंत मुरला.

सामान बघताना हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यातले जवळजवळ सगळे सामान हलणारे आहे. घोडा, खोगीर, गाडी, गुंडाळता येणारा पडदा, घडीचा गालिचा. टेबलाचे पाय कोरलेले, पण ते सुटे होतात. भिंत नाही, म्हणून भित्तिचित्र नाही. देऊळ नाही, म्हणून मूर्ती नाही. ज्यांना आपण रानटी म्हणून एका ओळीत संपवतो, त्यांच्याकडे कला कमी नव्हती. ती उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर होती. बदलीच्या वेळी ट्रकमध्ये काय जाईल आणि काय मागे ठेवावे लागेल यावरून आमच्या घरी दर चार-पाच वर्षांनी जो वाद होतो, तो या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला असणार.

आणि सर्वांत शेवटी, जे कुठल्याच ट्रकमध्ये भरावे लागत नाही ते, म्हणजे स्वतःचे अंग. दुसऱ्या कुर्गानातल्या पुरुषाच्या हातांवर, छातीवर, पायावर तीच जनावरे गोंदलेली निघाली. मागचे धड उलटे वळलेली, शिंगांच्या टोकांना पक्ष्यांची डोकी असलेली. कमरेला मणक्याच्या दोन्ही बाजूंना मात्र नुसते टिंबांचे ठिपके. ते नक्षी नसून दुखण्यावरचा उपाय असावेत असे मानतात. जन्मभर घोड्यावर बसणाऱ्याची कंबर दुखणारच. पाचव्या कुर्गानातल्या स्त्री-पुरुषांच्या अंगावरचे गोंदण काळवंडलेल्या कातडीत डोळ्यांना दिसतच नव्हते. ते २००३ साली अवरक्त किरणांच्या छायाचित्रात उमटले. २०२५ साली त्याच स्त्रीच्या हातांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला. उजव्या हातावरचे काम जास्त सफाईचे आहे, डाव्यावरचे कच्चे. म्हणजे दोन कारागीर असावेत, किंवा एकच कारागीर, मध्ये हात बसत गेलेला. एवढ्या वर्षांनी कुणाच्या तरी शिकाऊ हाताची चूक आपल्याला दिसते, याचे मला फार नवल वाटले.

हे लोक एकाकी नव्हते. पाचव्या कुर्गानात खोगिरावर घालायचे चिनी रेशीम होते, त्यावर झाडाच्या फांद्यांवर बसलेल्या पक्ष्यांचे भरतकाम. सामानात धन्याचे दाणेही निघाले. ते अल्ताईत पिकत नाहीत. हेरोडोटस लिहितो की सिथियन तापलेल्या दगडांवर भांगेचे बी टाकून तंबूत त्याची वाफ घेतात. पुष्कळांना ही ग्रीकाची थाप वाटे. दुसऱ्या कुर्गानात दगडांनी भरलेले भांडे, जळके भांगेचे बी आणि तंबूच्या सहा काठ्या एकत्र मिळाल्या.

१९९३ साली नताल्या पोलोस्माक यांना चीन-मंगोलिया-कझाकस्तानच्या सीमांजवळ उकोक पठारावर, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, अशीच एक न लुटलेली कबर मिळाली. पंचविशीतली स्त्री, लार्चच्या पोकळ ओंडक्यात कुशीवर निजलेली, डोक्यावर उंच टोप, खांद्यावर गोंदलेले हरीण, सोबत सहा घोडे. तिचा सदरा रेशमी होता. तपासणीत तो चिनी नव्हे तर रानरेशमाचा, कदाचित हिंदुस्थानाकडून आलेला, असे निघाले. तिच्या देहाच्या एमआरआय तपासणीचा निष्कर्ष २०१४ साली जाहीर झाला: स्तनाचा कर्करोग, तो पसरलेला, आणि पडल्याने झालेल्या जखमा. इतकी आजारी बाई त्यांनी मागे टाकली नाही. एवढ्या उंचीवर तिला घेऊन आले.

तिला नोवोसिबिर्स्कला नेल्याचे अल्ताईच्या लोकांना सहन झाले नाही. २००३ साली तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांनी त्याचा संबंध याच गोष्टीशी जोडला. भूकंप तिच्यामुळे झाला नाही हे मला कळते. पण इदान्थिर्सस राजाचा निरोप वाचलेला असल्याने मला त्या लोकांना हसताही येत नाही. २०१२मध्ये तिला अल्ताईची राजधानी गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत आणले. तिला पुन्हा जमिनीत ठेवा, ही मागणी त्यानंतरही होत राहिली. दुसरीकडे संशोधक सांगतात की हवामान तापते आहे आणि जे कुर्गान अजून उघडलेले नाहीत त्यांच्याखालचा बर्फ सुटू लागला आहे. उघडावे तर तिथल्या लोकांचा जीव दुखावतो; न उघडावे तर नमदा, लाकूड, गोंदण सगळे आपोआप चिखल होईल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. माझ्याने निकाल देववत नाही.

आता कन्येचा प्रश्न. पाझिरिकची माणसे नाशिकला आली असे नाही. पण त्याच गवताळ पट्ट्यातल्या शक टोळ्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून दक्षिणेकडे सरकल्या आणि पुढे त्यांच्यातले क्षत्रप गुजरात-महाराष्ट्रापर्यंत राज्य करू लागले. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने काय काय केले याची यादीच आहे: गाई दिल्या, गावे दिली, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने पैसे ठेवले, आणि इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा चालू केल्या. गावच नसलेल्या लोकांचा वंशज दगडात लेणे कोरतो आणि नदीवर उतार बांधतो! पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर दोघांचेही ठसे दिसतात.

आणि आपला शक? इसवी सन ७८ पासूनची ही कालगणना पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांनी चालवली. बदामीच्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा इ.स. ५७८चा लेख आहे, त्यात शक राजाच्या राज्याभिषेकापासूनचे पाचशेवे वर्ष असेच म्हटले आहे. शालिवाहनाचे नाव तिला पुष्कळ शतकांनी चिकटले. म्हणजे जिंकला त्याचे नाव आणि हरला त्याचेही नाव, दोन्ही एकाच श्वासात आपण म्हणतो.

हे सगळे मी कन्येला सांगितले. तिने सातकर्णीचे ऐकले, नाण्यांचे ऐकले, आणि विचारले की ते हंस कसे केले होते. यंदाच्या आराशीत, थर्माकोल बंद झाल्यापासून, मुलांनी हाताने केलेल्या वस्तू ठेवतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे नमद्यासारखे कापड आणून तिने एक हंस केला आहे. हरणाचे केस कुठून आणणार, कापूस भरला आहे. बाप्पाच्या उजव्या हाताला, समईच्या मागे तो दिसेल. थोडा कलंडलेला आहे. पायांत काड्या घालायच्या असतात, हे मी तिला सांगायला विसरलो.